एका घासाचा मोदक

मी एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं आणि त्यातली निदान अठ्ठावीस वर्षं गालात पान धरून शिकवलं. पान, सुपारी, चुना आणि तंबाखू, सगळं साग्रसंगीत. तंबाखूच्या दुष्परिणामांचा धडा आठवीला होता. तो शिकवायच्या आधी मी विहिरीवर जाऊन खळखळून चूळ भरायचो, कारण तोंडात तंबाखू ठेवून तो धडा शिकवणं मला अप्रामाणिकपणाचं वाटायचं. धडा संपला, की पुन्हा पान जमवायचो. यात काही चुकतंय असं मला कुणी सांगितलं नाही. माझा स्वभाव असा की सांगायला कुणी धजलंच नसतं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघंच गावी, मालवणच्या वरच्या अंगाला, खाडीकाठी. वैशाखात दाढ ठणकायला लागली म्हणून तालुक्याच्या गावी दातांच्या दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरीण माझीच विद्यार्थिनी निघाली. आमच्याकडे मास्तराला हा त्रास असतोच. पोस्टात जा, बँकेत जा, कुणीतरी 'सर' म्हणत खुर्चीवरून उठतं आणि मग आपल्याला रांग मोडून पुढे जावं लागतं.

"सर, आ करा," ती म्हणाली. "आणखी. आणखी थोडा."

"एवढाच होतो," मी म्हणालो.

"मग तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा."

दोन गेली. तिसरं बाहेरच राहिलं. ती बॅटरी घेऊन आत बघत बसली आणि मी, हिला शाळेत कधी पट्टी मारली होती का, ते आठवत बसलो.

दवाखान्यातल्या शुद्ध मराठीत तिने सांगितलं, की डाव्या गालात पांढरा चट्टा आहे, सुपारीने दोन्ही गाल आतून आखडलेत, पान आजपासून बंद, आणि गोव्याच्या मोठ्या इस्पितळात जाऊन तुकडा तपासून घ्यायचा.

"तुकडा कसला?"

"गालाचा."

माझी शुद्ध मराठी तिथेच संपली. "आणि त्यात काय गावला तर?" मी विचारलं.

तिनेही आपली खाली ठेवली. "आता गावला तर इलाज आसा, सर. उशिरा गावला तर कठीण."

मी म्हटलं, चतुर्थी होऊ दे. आमच्याकडे घर शाकारण्यापासून सोयरीक मोडण्यापर्यंत कुठलीही नको असलेली गोष्ट चतुर्थीनंतर करायची असते. चतुर्थीला चार महिने होते. तिने नाइलाजाने गोव्याची वेळ गणपतीनंतरची घेतली.

घरी आलो तेव्हा बायको अंगणात कोकमं वाळत घालत होती. रातांबे फोडायचे, साली आपल्याच रसात भिजवायच्या, वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या, असं तिचं पावसापर्यंत चालतं. मी तिला सगळं सांगितलं. हात लाल, तशीच ती उभी राहिली.

"मगे उद्याच जाऊया," ती म्हणाली.

"चतुर्थी होऊ दे."

त्या दिवशी साली वाळत घालताना तिने एका चटईवर दोनदा घातल्या.

आता इथे विज्ञान येतं. त्याच आठवड्यात निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लेख आला. तोंडाच्या कर्करोगावर वनस्पतींतल्या कोणकोणत्या द्रव्यांचा उपयोग होऊ शकेल याबद्दलचा. हळदीतलं कर्क्युमिन, चहातली काही द्रव्यं आणि कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉल. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर ही द्रव्यं टाकली की पेशींची वाढ मंदावते, असं त्यात होतं. माणसांच्या बाबतीत हे अजून पुरेसं सिद्ध झालेलं नाही, असंही शेवटी स्वच्छ लिहिलं होतं. ते वाक्य मी वाचलं नाही असं नाही. वाचलं, आणि पुढच्या संदेशाकडे गेलो. त्यात सुप्रभात होतं.

मी अंगणात बघितलं. चार चटया भरून गार्सिनॉल उन्हात पडलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा पार गोव्यापर्यंत घालायला निघालेला मूर्ख म्हणजे मी!

शाळेतून निवृत्त होताना मी काही कोऱ्या प्रयोगवह्या आणल्या होत्या. त्यातली एक काढली. उद्देश: कोकमाच्या सालीचा गालातल्या चट्ट्यावर होणारा परिणाम अभ्यासणे. साहित्य: कोकमाची सोलं (वाळलेल्या साली), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), हळद, मिरी, आरसा, बॅटरी, पट्टी, पत्नी. कृतीत लिहिलं, की सोल दिवसातून चार वेळा गालात धरावे आणि आगळाच्या चुळा भराव्यात.

"आणि पान?" साहित्यातल्या शेवटच्या वस्तूने विचारलं.

"पान चालूच ऱ्हवतला."

मी तिला समजावून सांगितलं. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. पानही सोडलं आणि कोकमही धरलं, तर गुण कशाने आला हे कसं कळणार?

"कळान काय करूचा आसा?" ती म्हणाली.

"ह्येका विज्ञान म्हणतत."

"मगे तुमच्या विज्ञानाक गाल नाय."

मी दुर्लक्ष केलं. सकाळी उजव्या गालात पान आणि डाव्यात सोल, दुपारनंतर उलट. दोन्ही बाजूंना समान संधी. रोज सकाळी पडवीत मी आ करून बसायचो, ती बॅटरी धरून पट्टीने चट्टा मोजायची आणि म्हणायची, "तितकोच आसा." मी लिहायचो: वाढ नाही. प्रगती समाधानकारक.

कोकम आणि हळद मिळून तोंडाचा रंग असा झाला, की एकदा दारावर आलेल्या मासेवालीने पाटी उतरवायच्या आधीच विचारलं, "गुरुजीनु, दशावतारात संकासुराचा काम गावला काय?" संकासुराला काळा बुरखा आणि लांब लाल जीभ असते. मी तिला गार्सिनॉल समजावून सांगायला गेलो. तिने बांगडे मोजून दिले आणि ती त्यानंतर आठवडाभर आमच्या दारावरून न थांबता गेली.

डॉक्टरीण अधूनमधून फोन करायची. एकदा मी तिला माझ्या प्रयोगाबद्दल सविस्तर सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "सर, वनस्पतींतली द्रव्यं खोटी नाहीत. कर्करोगाची काही औषधं तर सदाफुलीतून आली आहेत. पण ती वेगळी काढून, शुद्ध करून, मोजून शिरेतून देतात. नुसती सदाफुली पोटात गेली तर विष आहे."

एवढ्या मोठ्या वाक्यातलं मला सदाफुली तेवढं ऐकू आलं. सदाफुली आमच्या तुळशीच्या मागे भरभरून फुलली होती. फोन ठेवून मी परसात गेलो आणि तिच्याकडे बघत उभा राहिलो. नुसता बघत होतो. अर्ध्या तासाने चहाला हाक आली, चहा घेऊन परत गेलो, तर तिथे खड्डा.

"सदाफुली खंय गेली?"

"उपटलंय," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

चट्टा पट्टीने मोजणं ठीक, पण मला एक भरवशाचं माप हवं होतं. तोंड किती उघडतं याचं. ते माप आमच्या घराण्यात होतंच. मोदक एका घासात खायचा, हा आमच्याकडचा नियम. अख्खा तोंडात गेला पाहिजे. तोडून खाणारा नापास. लहानपणापासून मी आणि माझा धाकटा भाऊ दर चतुर्थीला समोरासमोर बसून ही परीक्षा द्यायचो. आम्ही दोघंही कधी नापास झालो नव्हतो. बायको संकष्टीला न चुकता पाच मोदक करते. म्हणजे महिन्याला एक मोजणी. इतकं सोपं उपकरण कुठल्या प्रयोगशाळेत आहे?

पहिली मोजणी वैशाखातल्या संकष्टीला झाली. मोदक निम्मा आत गेला आणि अडकला. आत जाईना, बाहेर येईना. गाल दोन्हीकडून आवळून बसले आणि मोदकाचं नाक माझ्या ओठांतून बाहेर डोकावत राहिलं. डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी बोटाने फोडून काढला.

"गरम होतो," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. मोदक गार होऊन तास झाला होता.

वहीत लिहिलं: प्रयोगपूर्व स्थिती, मोदक जात नाही.

ज्येष्ठातल्या संकष्टीला मात्र थोड्या खटपटीने मोदक गेला. मी ताटावरून उठून वही आणली. आषाढात कुठेही न घासता गेला. मी आलेख काढला. श्रावणात तर मोदक असा गेला, की तोंडात गेल्यावर त्याला शोधावं लागलं. त्या दिवशी मी बायकोला उभं करून सांगितलं, की हे घरगुती संशोधन मी लिहून छापायला पाठवणार आणि त्यात साहाय्यक म्हणून तिचा उल्लेख करणार. ती ताट उचलत होती. तिच्या हातातला पेला खाली पडला. आनंदाने पडला असं मला वाटलं.

चतुर्थी आली. भाऊ बायकोमुलांसह मुंबईहून आला. आरती झाली, नैवेद्य झाला, केळीची पानं मांडली आणि आम्ही दोघं भाऊ नेहमीसारखे समोरासमोर बसलो. मी गार्सिनॉलपासून सुरुवात केली. भावाला कंटाळा आला होता, पण भूक लागली होती आणि मी मोठा होतो, म्हणून त्याने ऐकून घेतलं.

"दादा, बोलान काय होता? खावन दाखय," तो म्हणाला आणि त्याने आपला मोदक अख्खा तोंडात टाकला. गाल फुगले. पोरं ओरडली.

मी माझा टाकला. गेला. सहज गेला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

मग मला ते सुचलं. अशा वेळी मला नेहमीच काहीतरी सुचतं. मी खिशातून फोन काढला आणि सगळ्यांना सांगितलं, की आता तुमच्या देखत मी डॉक्टरणीला फोन लावतो आणि गोव्याची वेळ रद्द करतो. बऱ्या झालेल्या गालाचा तुकडा कापायला मी काही कसायाकडचा बोकड नाही.

बायको तूप वाढत होती. तिने तुपाचं भांडं खाली ठेवलं. भावाच्या पानातला एक मोदक उचलला आणि माझ्या पानात, माझ्या उरलेल्या मोदकाशेजारी ठेवला.

दोन मोदक शेजारी शेजारी. एक मोदक होता. दुसरा मोदकाचं पिल्लू.

"ह्यो खावा," ती म्हणाली.

पोरं हसायला लागली. भावाला काही कळेना. मला कळलं होतं, पण मी मान्य करणाऱ्यातला नव्हे. फोन बाजूला ठेवला, मोठा मोदक उचलला आणि तोंडात कोंबला. तो दातांवरच फुटला. पारी हनुवटीवर, सारण धोतरावर. गाल वैशाखात होते तिथेच होते. किंबहुना थोडे आणखी आवळलेले.

"ज्येष्ठापासून मीच तुमचे मोदक ल्हान करत इलंय," ती म्हणाली.

मी पेटलो. हनुवटीवरचं खोबरं न पुसता ओरडलो, "चार म्हयन्यांचो प्रयोग! सगळो नासवलंस! आलेख काढलंय मी, आलेख!"

"ओरडा," ती म्हणाली आणि रडायला लागली. "पयल्या संकष्टीक तुमच्या डोळ्यांत पाणी इला, ता माका बघवाक नाय. म्हणान दुसऱ्या खेपेक इल्लोसो ल्हान केलंय. तर तुमी नाचूकच लागलास. मगे सांगूचा कसा? माका वाटला, कोकमान गुण येतलो. तुमी सांगितलास म्हणान माका खरा वाटला. गुण इलो, की परत मोठे करतलंय, असा मनात धरलेलंय."

तिचा खरंच विश्वास बसला होता. एकतीस वर्षांत माझं प्रत्येक वाक्य खरं धरणारा असा एकही विद्यार्थी मला मिळाला नव्हता, आणि जी मिळाली तिला मी हे शिकवलं होतं.

"आणि देवाच्या नैवेद्याचे?" मी विचारलं. काय विचारावं हेही अशा वेळी सुचत नाही.

"ते पयल्याएवढेच आसत," ती डोळे पुसत म्हणाली. "देवाक मी फसवूक नाय. तुमकाच फसवलंय."

भावाने आपल्या पानातला दुसरा मोदक उचलला होता, तो त्याने हळूच खाली ठेवला. "दादा," तो म्हणाला, "फोन कर. पण रद्द करूक नको. येळ आदीची घे."

मी फोन लावला. गोव्यात चतुर्थीची सुट्टी होती, म्हणून डॉक्टरणीने तिसऱ्या दिवसाची वेळ मिळवून दिली. घरात गणपती असताना आमच्या घरातलं माणूस उंबरठा ओलांडून परगावी गेल्याचं मला आठवत नाही. आम्ही दोघं गेलो. भावाने पूजाआरती सांभाळली. निघताना बायकोने देवापुढे काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "काही उपचार घेतले होते?"

मी भिंतीवरचं दातांचं चित्र बघायला लागलो.

"कोकम," बायको म्हणाली. "आणि हळद. आणि मिरी. सदाफुली मी उपटली."

त्याने ते सगळं लिहून घेतलं.

तुकडा काढल्यावर अहवालाला आठ दिवस होते. ते आठ दिवस मी घाबरलो होतो. हे मी इथे सरळ लिहितो, कारण तेव्हा मी ते बायकोला, भावाला आणि खुद्द गणपतीलाही कबूल केलं नव्हतं. पानाच्या डब्याला त्या दिवसांत हात लावला नाही. हात कितीतरी वेळा डब्यापर्यंत गेला, आणि ज्याला ज्याला पानाची तलफ माहीत आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. बायको समोरच सूप घेऊन पाखडत बसायची. घरात पाखडायला एवढं काय होतं कोण जाणे.

अहवाल घेऊन आम्ही डॉक्टरणीकडे गेलो. तिने तो दोनदा वाचला. "कर्करोग नाही," ती म्हणाली. बायकोने टेबलाची कड धरली. "पण पेशी बदलायला लागल्या आहेत, सर. दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं. आणि पुन्हा पान लागलं, तर पुढच्या वेळी हा कागद असा येईल याची हमी मी देणार नाही."

"आणि कोकम?" मी विचारलं. खोड जात नाही.

"त्यावर काम चालू आहे, सर. होऊ दे त्यांचं. काचेच्या बशीत कुणी पान खात नाही." मग ती हसली. "तुमी तवसर कढी करून पिया."

गाल सैल व्हायला तिने एक व्यायाम सांगितला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांत धरायची आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची. काड्या आता माझ्या पानाच्या डब्यात असतात. डबा बायकोने चिंचेने घासून तीन पाण्यांनी धुतला. रोज सकाळी पडवीत मी आ करतो आणि काड्या ती मोजते. मला मोजायची परवानगी नाही. पहिल्या दिवशी सोळा गेल्या होत्या. वर्षभराने एकोणीस जातात. वही तीच आहे, पण आता तिच्या अक्षरात.

परवा पुन्हा चतुर्थी झाली. भाऊ आला. पानं मांडली. बायको मोदकांची परात घेऊन माझ्यासमोर थांबली.

"ल्हान करूक होये होते काय?" तिने हळू विचारलं.

"देवाएवढोच वाढ," मी म्हणालो.

तिने वाढला. मी तो तीन घासांत खाल्ला. समोर भावाने आपला मोदक हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि त्यानेही तोडून खाल्ला. पोरं 'नापास, नापास' म्हणून ओरडली. बायको तुपाचं भांडं धरून माझा तिसरा घास होईपर्यंत तिथेच उभी होती. मग पुढच्या पानाकडे गेली.